क्वानशेंग यूव्ही-के५ मध्ये नवं फर्मवेअर: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

भाच्याला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा, व्हीयू३ कॉलसाइन (परवान्याबरोबरचं ओळखनाव) मिळाला आणि त्यानं पहिली खरेदी केली ती क्वानशेंग यूव्ही-के५ या हातातल्या वायरलेस सेटची. रविवारी पोहे-जिलेबी आटोपून तो सेट घेऊन इंदुरात रामबागेत आमच्या घरी आला. खोकं उघडायच्या आधीच विचारलं, "मामा, याचं लॉक कसं उघडायचं?" म्हणजे सेट हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर बोलेल असं कसं करायचं. हा सेट घेणारा जवळपास प्रत्येक नवा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, म्हणून हा लेख लिहितो आहे. लॉक उघडायला दोन मिनिटं लागतात आणि ते उघडून हाती काही लागत नाही. हा सेट खरा खुलतो तो ऐकण्याच्या सेटिंग्जमुळे, आणि त्यांच्याकडे कुणी बघतच नाही.

आधी परवान्याचं बोलू. भारतात असा सेट नुसता बाळगायलाही परवाना लागतो. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टपासून ही अट चालत आली आहे. हॅमचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि वयाची बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही ती देऊ शकतो. "४४६ मेगाहर्ट्झ तर फ्री आहे ना?" असंही पुष्कळ जण विचारतात. ४४६.० ते ४४६.२ ही सूट त्या पट्ट्यासाठीच बनवलेल्या, कमी ताकदीच्या, मान्यता मिळालेल्या वॉकीटॉकींना आहे. के५ वर ४४६ लावला म्हणून तो त्या सुटीत बसत नाही. तेव्हा पुढचं सगळं परवाना हातात असलेल्यांसाठी.

हा सेट एवढा गाजला त्याचं कारण त्याच्या आत आहे. बेकेन कंपनीची बीके४८१९ ही एकच चिप रेडिओचं बहुतेक काम करते, आणि तिला काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम, म्हणजेच फर्मवेअर, जेमतेम ६० किलोबाइटचा. २०२३ मध्ये ड्युअलटॅकिऑन या नावानं काम करणाऱ्या प्रोग्रॅमरनं हा प्रोग्रॅम नव्यानं लिहून सगळ्यांसाठी खुला केला. त्यावर वनऑफइलेव्हननं भर घातली, फागचीनं स्पेक्ट्रम दाखवणारा भाग लिहिला, आणि हे सगळं एकत्र करून एगझुमरनं जी आवृत्ती काढली ती पुष्कळ सेटमध्ये सापडते. एफ४एचडब्ल्यूएन हा फ्रेंच हॅमचा अवतारही तिच्याच पोटातून आला. मी खाली मेन्यूची जी नावं देतो आहे ती एगझुमरची आहेत. दुसऱ्या आवृत्तीत क्रम इकडेतिकडे होईल, अर्थ तोच राहील.

केबल आणि बॅकअप

सेटवरचं यूएसबी-सी भोक फक्त चार्जिंगचं आहे, त्यातून डेटा जात नाही. (अलीकडे आलेल्या व्ही३ प्रकारात आतला मायक्रोकंट्रोलरच वेगळा आहे. त्याला जुन्या के५ चं फर्मवेअर चालत नाही, म्हणून पाठीमागचं लेबल आधी वाचा.) लागते ती दोन पिनांची केनवूड पद्धतीची प्रोग्रॅमिंग केबल. बाओफेंगच्या सेटसाठी घेतलेली घरात पडून असेल तर तीच चालते. नसेल तर इंदुरात जेल रोडवरच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

ही केबल लावताना नवशिके हमखास फसतात. प्लग भोकात जातो, बसल्यासारखा वाटतो, पण शेवटचा एखादा मिलिमीटर बाहेरच असतो. कॉम्प्युटर म्हणतो, सेट सापडत नाही. मग माणूस ड्रायव्हर बदलतो, पोर्ट बदलतो, केबलवाल्याशी भांडून येतो. सेट टेबलावर आडवा ठेवा, एका हातानं धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं प्लग जोर लावून आत दाबा. एक बारीकसा 'टक्' जाणवतो. तो जाणवला नाही तर प्लग बसलेला नाही. काही केबलींच्या प्लगभोवतीचं प्लास्टिक इतकं जाड असतं की ते सेटच्या कडेला अडतं. तेवढं ब्लेडनं तासून काढलं की काम होतं.

केबल बसली की फर्मवेअरकडे वळायच्या आधी सेटमधली सगळी माहिती कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ही पायरी गाळू नका. मी ती गाळली होती, त्याचं काय झालं ते सांगतो.

के५ मध्ये ८ किलोबाइटची एक छोटी मेमरी आहे. चॅनेल आणि सेटिंग्ज तिच्यातच असतात, आणि शेवटच्या भागात असतं कॅलिब्रेशन. कुठल्या बँडवर किती ताकद सोडायची, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी झडप) किती सिग्नलला उघडायचा, बॅटरी किती व्होल्टला किती भरली असं समजायचं, हे सगळे आकडे कारखान्यात प्रत्येक सेटसाठी वेगवेगळे मोजून तिथे लिहिलेले असतात. माझ्या पहिल्या सेटमध्ये घाईघाईत एक चुकीची फाइल चढवली आणि ते आकडे गेले. दुसऱ्याच्या सेटमधलं कॅलिब्रेशन आणून बसवलं. सेट चालू झाला, पण तो माझा सेट राहिला नाही. यूएचएफवर (४०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात) स्क्वेल्च दोनवर ठेवला तर सतत उघडा, तीनवर ठेवला तर ओळखीचे स्टेशनही गडप. बॅटरी भरलेली असताना अर्धी दाखवायचा. तो सेट मी आजही वापरतो, आणि प्रत्येक वेळी ती पाच मिनिटं आठवतात जी मी वाचवायला गेलो होतो.

उतरवून घ्यायला ब्राउझरमधून चालणारी साधनं आहेत. क्रोम किंवा एज वापरा, कारण फायरफॉक्समधून ती सेटशी बोलू शकत नाहीत. सेट नेहमीसारखा चालू ठेवायचा, केबल लावायची, कॅलिब्रेशनची वेगळी आणि पूर्ण मेमरीची वेगळी अशा दोन फाइली उतरवायच्या. फाइलीच्या नावात सेटच्या लेबलवरचा सिरियल नंबर घाला. घरात दोन के५ झाले की याचं मोल कळतं. आणि त्या फाइली स्वतःलाच मेल करून ठेवा.

फर्मवेअर चढवणं

बॅकअप झाला की हे काम सोपं आहे.

१. बॅटरी निदान अर्धी भरलेली असू द्या. सेट बंद करा.

२. पीटीटी (बोलताना दाबायचं बाजूचं बटण) दाबून धरा आणि धरलेलं असतानाच व्हॉल्यूमचं बटण फिरवून सेट चालू करा. वरचा टॉर्च लागतो, पडदा काळाच राहतो.

३. आता केबल लावा, साधनात फर्मवेअरची फाइल निवडा, पोर्ट निवडा, सुरू करा.

४. सुमारे अर्ध्या मिनिटात काम होतं. सेट बंद करून चालू करा.

दुसऱ्या पायरीवर भाचा घाबरला. "मामा, हा तर गेला!" काळा पडदा आणि लागलेला टॉर्च ही बिघाडाची खूण नाही. सेट फर्मवेअर घ्यायला तयार आहे, असा त्याचा अर्थ. मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तरीही सेट मरत नाही, कारण हे काम करणारा बूटलोडर वेगळ्या जागी असतो आणि त्याला आपण हात लावत नाही. पुन्हा पहिल्यापासून करायचं.

चालू झाल्यावर एफएम रेडिओ लावून ९८.३ किंवा इंदूरचं कुठलंही रोजचं स्टेशन ऐकून बघा. एफ दाबून शून्य दाबलं की तो लागतो. आवाज आला म्हणजे स्पीकर, बटणं आणि पडदा ठीक आहेत. एवढ्यावर दोन-मीटर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) बँडचं काही कळत नाही, कारण ब्रॉडकास्ट एफएमसाठी सेटमध्ये वेगळी चिप आहे.

चॅनेल भरायला चर्प हा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम वापरत असाल तर आता मॉडेलच्या यादीतून एगझुमरचा प्रकार निवडा. कारखान्याच्या फर्मवेअरसाठीचा प्रकार निवडून लिहिलंत तर काही सेटिंग्ज भलतीकडेच जाऊन बसतात.

आधी कान

एम दाबून मेन्यूत जायचं, बाणांनी हवं ते शोधायचं, पुन्हा एम दाबून बदलायचं, एमनंच पक्कं करायचं. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि निदान एक संध्याकाळ ते वापरून बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज बिघडला, तर दोष कुणाचा ते शोधण्यात पुढचा रविवार जातो. मी सेटबरोबर एक छोटी वही ठेवतो: तारीख, सेटिंग, आधी काय होतं, आता काय केलं.

पहिलं सेटिंग स्क्वेल्च, मेन्यूत 'एसक्यूएल'. शून्यावर तो पूर्ण उघडा असतो आणि सतत खरखर ऐकू येते. नऊवर अगदी घट्ट. नवा माणूस खरखरीला कंटाळून तो पाच-सहावर नेतो आणि मग म्हणतो, इंदुरात कुणी बोलतच नाही. हा स्क्वेल्च केवळ सिग्नलची ताकद बघत नाही, खरखरीचं प्रमाणही मोजतो. त्यामुळे घरातल्या विजेच्या कचऱ्याचा त्याच्यावर फार परिणाम होतो. आमच्या घरी बैठकीत इन्व्हर्टर आहे. तिथे दोनवर स्क्वेल्च फडफडत राहतो, आणि तोच सेट गच्चीवर नेला की एकवरही शांत. म्हणून स्क्वेल्च लावायचा तर गच्चीवर जाऊन लावा. एकवर ठेवा, पाच मिनिटं थांबा. उगाच उघडला तर दोन करा. शांत राहिला तर तिथेच ठेवा. आणि घरातली खरखर स्क्वेल्चनं दाबण्याऐवजी ती कुठून येते ते शोधा. सेट हातात घेऊन एकेक एलईडी दिवा, एकेक चार्जर बंद करत फिरा. स्वस्तातला एखादा चार्जर सगळ्या घराचा रेडिओ खराब करत असतो.

दुसरं 'बॅटसेव्ह'. बॅटरी वाचवण्यासाठी सेट मध्येमध्ये झोपतो. एकास चार ठेवलं तर एक भाग जागा आणि चार भाग झोपलेला. समोरच्यानं कॉलसाइन देऊन बोलायला सुरुवात केली की पहिलं अक्षर झोपेत जातं, आणि 'व्हीयू टू' ऐवजी नुसतं 'टू' ऐकू येतं. नेटवर (ठरल्या वेळी हॅम मंडळी एका फ्रिक्वेन्सीवर जमतात तिथे) बसताना मी एकास एक ठेवतो, उपग्रह ऐकताना बंद करतो. दिवसभर सेट कमरेला लावून फिरायचं असेल तर एकास चार ठीक आहे.

'डब्ल्यू/एन' म्हणजे वाइड की नॅरो. दोन मीटरवर हॅम मंडळी बहुधा वाइड बोलतात. तुमचा सेट नॅरोवर असेल तर समोरच्याचा आवाज जोरात बोलताना फाटतो, आणि तुम्हाला वाटतं त्याचाच सेट बिघडला आहे.

टोनचं सेटिंग हा आणखी एक सापळा. रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) उघडायला टोन, म्हणजे आवाजाखाली जाणारा एक बारीक सूर, लागतो तो तुम्ही सोडताना, म्हणजे 'टीएक्स सीटीसीएस'. उत्साहात 'आरएक्स सीटीसीएस' ला, म्हणजे ऐकतानाच्या टोनलाही, तोच आकडा लावला, आणि रिपीटर परतताना टोन पाठवत नसला, तर तुमचा सेट कायमचा गप्प बसतो. सुरुवातीला आरएक्सचा टोन बंदच ठेवा.

'आरएक्स मोड' कडे मात्र नीट लक्ष द्या. पडद्यावर दोन फ्रिक्वेन्सी दिसतात, वरची आणि खालची. 'ड्युअल आरएक्स रिस्पॉन्ड' वर सेट दोन्ही ऐकतो, आणि जिच्यावर शेवटचं कुणी बोललं तिच्यावरच तुमचा पीटीटी काही काळ जातो. तुम्ही १४५.५०० वर बोलत आहात असं समजून पीटीटी दाबता, तेवढ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीवर कुणीतरी बोललेलं असतं, आणि तुमचा आवाज तिकडे जातो. खाली ऐकायला म्हणून एखादी भलतीच फ्रिक्वेन्सी लावली असेल तर हे महागात पडेल. नव्या माणसानं 'मेन ओन्ली' किंवा 'मेन टीएक्स ड्युअल आरएक्स' ठेवावं. दुसऱ्यात सेट दोन्ही ऐकतो पण बोलतो फक्त मुख्य फ्रिक्वेन्सीवर.

मग आवाज

'माइक' चे पाच टप्पे आहेत, १.१ डेसिबलपासून १५.१ पर्यंत. के५ चा आवाज मूळचाच हळू जातो, म्हणून लोक थेट शेवटच्या टप्प्यावर जातात. त्यानं पंखा, कुकर, रस्त्यावरच्या रिक्षा, सगळंच जातं. आठ डेसिबलवर ठेवा, 'माइक बार' चालू करा, सेट तोंडापासून चार बोटं दूर धरा आणि ओळखीच्या हॅमला विचारा. पट्टी सतत शेवटाला टेकत असेल तर एक टप्पा खाली या.

'कॉम्पँडर' (आवाज आवळून पाठवणारी आणि पलीकडे उलगडणारी सोय) दोन्हीकडे असेल तरच उपयोगी. एकाच बाजूला लावला की आवाज दबून-फुगून येतो. बंद ठेवा. बोलणं संपल्यावर वाजणारी 'रॉजर' बीपही बंद ठेवा, रिपीटरवर ती सगळ्यांच्या कानात वाजते. 'टीएक्स टाइमआउट', म्हणजे एका दमात सेट किती वेळ बोलू देईल ते, एक मिनिटावर आणा. सोफ्यात सरकलेल्या सेटचा पीटीटी दाबला जाऊन अख्खा रिपीटर अडवल्याचं मी ऐकलं आहे, आणि त्या वेळी टाइमआउट हाच एकमेव उपाय असतो. 'टीएक्स पॉवर' हाय म्हणजे सुमारे पाच वॉट. गल्लीतल्या मित्राशी बोलायला लो पुरतं, आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते.

बॅकलाइट, बीप, चॅनेलचं नाव कसं दिसावं, हे सगळं आवडीप्रमाणे.

लपलेला मेन्यू आणि ते लॉक

सेट बंद करा. पीटीटी आणि त्याच्या लगेच खालचं बटण, दोन्ही दाबून धरून सेट चालू करा. पडदा नेहमीसारखा आला की सोडा. नुसता पीटीटी धरलात तर पुन्हा टॉर्च आणि काळा पडदा येईल, तेव्हा दोन्ही बटणं नीट दाबली आहेत ना ते बघा. आता मेन्यूच्या शेवटी काही नव्या ओळी दिसतात. पहिल्या ओळीवरून उलटा बाण दाबला की थेट शेवटाला पोचता. सेट बंद केला की त्या पुन्हा लपतात.

त्यात 'एफ लॉक' आहे. कुठल्या पट्ट्यात सेट बोलू शकेल ते हा ठरवतो. मूळ पर्यायात १३७ ते १७४ आणि ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ उघडे असतात. म्हणजे काहीही न उघडताच हा सेट अशा शेकडो फ्रिक्वेन्सींवर बोलू शकतो ज्या आपल्या नाहीत. भाच्याला मी हेच दाखवलं: तू उघडायचं म्हणतोस, खरं तर बंद करायचं काम आहे.

भारतात हॅमसाठी दोन मीटरवर १४४ ते १४६ आणि सत्तर सेंटिमीटरवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे. यादीत भारताच्या नावाचा पर्याय नाही, पण 'सीई हॅम' मध्ये १४४ ते १४६ आणि ४३० ते ४४० येतं. दोन मीटर तंतोतंत जुळतं. यूएचएफवर ४३४ च्या खाली आणि ४३८ च्या वर जायचं नाही, हे तेवढं आपण सांभाळायचं. म्हणून एफ लॉक 'सीई हॅम' वर ठेवा. मेन्यू शिकत असताना, किंवा सेट घरातल्या मुलांच्या हातात देताना, 'डिसेबल ऑल' ठेवा. पीटीटी दाबला तरी काही बाहेर जात नाही.

'अनलॉक ऑल' ला हात लावू नका, आणि हे मी केवळ नियम म्हणून सांगत नाही. हा सेट दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटरसाठी बनला आहे, त्याचे फिल्टरही त्याच बेतानं. त्याबाहेर पीटीटी दाबला तर तुमचा सिग्नल एकाच जागी जात नाही, दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सींवरही कचरा सांडतो. आपल्या शहराच्या पश्चिमेला विमानतळ आहे आणि विमानं ११८ ते १३७ मध्ये बोलतात. जवळच महूला लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकीचं महाविद्यालय आणि छावणी आहे. तिथे कुणाच्या कामात आपला आवाज घुसला तर त्याची भरपाई 'मला माहीत नव्हतं' म्हणून होत नाही. त्याच मेन्यूतले 'टीएक्स २००', 'टीएक्स ३५०', 'टीएक्स ५००' हेही बंद ठेवा. 'स्क्रा एन', म्हणजे आवाज गुंडाळून पाठवायची सोय, हीसुद्धा बंद. हॅमनं साध्या, सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलायचं असतं.

या मेन्यूतलं खरं कामाचं सेटिंग 'बॅट कॅल'. नव्या फर्मवेअरनंतर बॅटरीचा आकडा चुकीचा वाटतो आहे? सेट बंद करून बॅटरी काढा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा आणि बॅटरीच्या दोन पट्ट्यांवर टोकं टेकवा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. आत दोन सेल आहेत, पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. भाच्याच्या बॅटरीवर मीटरनं ८.२१ दाखवलं आणि सेट म्हणत होता ७.९४. बॅटरी बसवली, दोन बटणं धरून सेट चालू केला, बॅट कॅलमध्ये जाऊन एम दाबला आणि बाणांनी आकडा एकेक पाऊल सरकवत गेलो. पडद्यावरचं व्होल्टेज ८.२१ झालं तिथे एम दाबला. आपल्याकडची बॅटरी १६०० ची आहे की २२०० मिलिअँपिअरची, ते 'बॅट टाइप' मध्ये सांगा. मग नेहमीच्या मेन्यूत 'बॅट टेक्स्ट' वर व्होल्टेज निवडा. टक्क्यांपेक्षा व्होल्टेज खरं बोलतं.

'रिसेट' ही याच यादीत आहे. 'ऑल' निवडलं तर चॅनेलही पुसले जातात, तेव्हा ते आधी चर्पमधून उतरवून घ्या.

बाजूची बटणं आणि स्पेक्ट्रम

बाजूच्या दोन बटणांना छोट्या आणि लांब दाबाची वेगळी कामं देता येतात: 'एफ१ शॉर्ट', 'एफ१ लाँग' आणि तसंच एफ२ चं. वरच्या छोट्या दाबाला मॉनिटर द्या, म्हणजे मंद सिग्नल असताना स्क्वेल्च क्षणात उघडता येतो. खालच्या लांब दाबाला टॉर्च. इंदुरात वीज जातच नाही असं नाही.

एफ दाबून ५ दाबलं की स्पेक्ट्रम दिसतो. आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवर कुठे सिग्नल आहे ते उभ्या रेघांत. १ आणि ७ नं पावलं लहान-मोठी होतात, ५ नं फ्रिक्वेन्सी टाइप करता येते, तारा आणि एफनं कुठल्या उंचीच्या वर थांबायचं ते ठरतं. घरातला खरखर करणारा चार्जर शोधायलाही हाच उत्तम. मी १४५ भोवती स्पेक्ट्रम लावून खोल्यांतून फिरतो. जिथे रेघांची सगळी जमीनच वर उचलली जाते, तिथे चोर असतो.

एकदा वापरून बघा: अंतराळ स्थानक

सेटिंग्ज नीट लागली आहेत का याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम रिपीटर आहे. आपण बोलायचं १४५.९९० वर, ६७ हर्ट्झचा टोन लावून, आणि ऐकायचं ४३७.८०० वर. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर वरून जातं, एका फेरीला दीड तास लागतो, आणि आपल्या आकाशात ते जेमतेम दहा मिनिटं असतं. वेगामुळे स्थानक जवळ येताना त्याची फ्रिक्वेन्सी वर सरकलेली असते आणि दूर जाताना खाली. ४३७.८ वर हा फरक दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झच्या आसपास जातो, म्हणून एका चॅनेलनं भागत नाही.

पाच चॅनेल करा. ऐकायच्या फ्रिक्वेन्सी ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९०. बोलायची सगळ्यांत १४५.९९०. चर्पमध्ये डुप्लेक्सच्या रकान्यात उणे निवडा आणि ऑफसेटच्या रकान्यात दोन्हींतला फरक भरा. सेटवरूनच करायचं तर 'टीएक्स ओ डीआयआर' उणे करा आणि 'टीएक्स ऑफ्स' मध्ये फरक भरा: पहिल्या चॅनेलला २९१.८२०, मग प्रत्येक चॅनेलला ०.००५ कमी करत शेवटच्याला २९१.८००. टीएक्स टोन ६७.०, आरएक्स टोन बंद, वाइड. नावं आयएसएस-१ ते आयएसएस-५ द्या, म्हणजे अंधारातही क्रम चुकणार नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा फक्त ऐका. मोबाइलवरच्या कुठल्याही उपग्रह अ‍ॅपमध्ये इंदूर टाकलं की स्थानक केव्हा आणि कुठून उगवणार ते कळतं. डोक्यावरून उंच जाणारा पास निवडा. बॅटसेव्ह बंद, स्क्वेल्च शून्य, आरएक्स मोड मेन ओन्ली. गच्चीवर जा, पाण्याच्या टाकीपासून दूर उभे राहा, आणि अँटेना स्थानकाकडे रोखू नका, आडवी तिरकी धरा. काडी-अँटेनाच्या टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वात कमी असतो. आयएसएस-१ वर सुरू करा, खरखर वाढली की पुढच्या चॅनेलवर जा. रिपीटर नेहमीच चालू असतो असं नाही. एका पासात काहीच ऐकू आलं नाही तर सेटिंग्ज बदलू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

भाचा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर उभा होता. आयएसएस-२ वरून तीनवर गेला तेव्हा खरखर एकदम मिटली आणि कुणीतरी दूरच्या गावचा हॅम आपला कॉलसाइन देताना स्पष्ट ऐकू आला. त्यानं पीटीटीला हात लावला नाही, वहीत वेळ लिहिली. पास संपल्यावर बॅटसेव्ह पुन्हा एकास एक आणि स्क्वेल्च एकवर आणायला विसरू नका, नाहीतर सकाळी सेट उचलाल तेव्हा बॅटरी संपलेली असेल.